फिरते चाक आणि उभी गाडी

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांच्या सर्वसाधारण सभांमध्ये गेल्या काही वर्षांत एक नवा विषय हटकून येऊ लागला आहे: पार्किंगमध्ये विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय करू द्यावी की नाही. आमच्या संस्थेत यावर दोन सभा झाल्या. पहिली सभा आगीच्या भीतीतच संपली, आणि ती भीती निराधार आहे असे म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती. 2022 साली देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि त्याच वर्षी जवळच्या वसईत चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा घरात स्फोट होऊन एका लहान मुलाचा जीव गेला होता. दुसऱ्या सभेत मात्र एका तरुण सभासदाने निराळाच मुद्दा काढला. बॅटरीत रसायने असतात म्हणून ती पेटते. मग ऊर्जा रसायनात न साठवता वेगाने फिरणाऱ्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, का साठवू नये, आणि महापालिकेने बॅटरीच्याच बस का घ्याव्यात, असा त्याचा प्रश्न होता. माझी बरीच वर्षे वागळे इस्टेटमधल्या प्रेस शॉपमध्ये गेली असल्यामुळे सभेने उत्तरासाठी माझ्याकडे पाहिले. तेथे पाच मिनिटांत जे सांगितले ते अपुरे होते, आणि प्रश्न तर सोडून देण्याजोगा नव्हता.

माझे मत आधीच नोंदवतो. खासगी गाडीची मुख्य ऊर्जा फ्लायव्हीलमध्ये साठवणे व्यवहार्य नाही आणि भर वस्तीत ते सुरक्षितही नाही. बसमध्ये ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा पकडून ठेवण्याचे साधन म्हणून त्याला एके काळी अर्थ होता, पण मोठ्या बॅटरीच्या बस आल्यानंतर तोही फारसा उरलेला नाही. या चाकाची खरी जागा गाडीत नसून जमिनीत आहे, आणि तेथेही त्याचे काम फार थोड्या कामांपुरते आहे. यातला प्रत्येक निष्कर्ष साध्या आकडेमोडीतून निघतो.

फ्लायव्हील, ज्याला परिभाषेत प्रचक्र म्हणतात, ठाण्याला परके नाही. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कोणत्याही पत्राकामाच्या कारखान्यात पॉवर प्रेसच्या बाजूला माणसाच्या छातीएवढे चाक फिरताना दिसते. लहानशी मोटर ते चाक सावकाश वेगात आणते, क्लच पडला की त्यात साठलेली ऊर्जा क्षणार्धात रॅममध्ये, म्हणजे खाली येऊन घाव घालणाऱ्या भागात, उतरते आणि पत्रा कापला जातो. मोटरची ताकद एकट्याने तो घाव घालायला कधीच पुरली नसती. म्हणजे चाकाचा मूळ गुण असा की ते थोडी ऊर्जा फार जलद देते आणि जलद घेते. पुष्कळ ऊर्जा सावकाश देण्यासाठी ते कोणी वापरत नाही. पुढचा सगळा वाद या एका गुणाभोवती फिरतो.

त्याच कारखान्यात या चाकाची भीतीही शिकवली जाते. डाय, म्हणजे पत्रा कापण्याचा साचा, बसवणारा जाणता कारागीर मोटरचा स्विच बंद करून लगेच हात घालत नाही. चाक पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहतो आणि तरीही रॅमखाली ठोकळा लावल्याशिवाय बोटे आत नेत नाही, कारण वीज बंद झाल्यानंतरही चाक कित्येक मिनिटे फिरत असते आणि ज्यांनी हे एकदाच विसरून पाहिले त्यांच्या हातांची बोटे मोजण्याची वेळ आमच्यावर आलेली आहे. ग्राइंडिंगचा नवा दगड बसवण्यापूर्वी तो टांगून स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहण्याची रीतही त्याच अनुभवातून आली. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत तडा आहे आणि तो दगड वेगात आल्यावर फुटणार. फिरणारी वस्तू फुटते तेव्हा ती तुकडे होऊन खाली पडत नाही, तिचे तुकडे कडेच्या पूर्ण वेगाने सुटतात.

आता गाडीकडे येऊ. चाकात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दुप्पट वेगाला चौपट ऊर्जा मिळते. हे ऐकून वाटते की वेग वाढवत नेला म्हणजे झाले. पण चाकाला फाडू पाहणारा ताणही नेमका वेगाच्या वर्गानेच वाढतो, त्यामुळे किलोमागे किती ऊर्जा साठेल याची मर्यादा अखेर एकाच गोष्टीवर येऊन थांबते: चाक ज्या पदार्थाचे आहे त्याची ताकद त्याच्या घनतेच्या मानाने किती आहे. अत्यंत मजबूत पोलादाची पातळ कडी घेतली तरी ती फुटण्याच्या क्षणी किलोमागे सुमारे 35 वॉट-तास ऊर्जा धरून असते. फुटण्याच्या निम्म्या ताणावर ती चालवायची ठरवली तर हा आकडा निम्मा होतो, आणि त्यात निर्वात कोठी, बेअरिंगे, मोटर-जनित्र व कवच यांचे वजन मिळवले की किलोमागे दहा वॉट-तासही हाती राहत नाहीत. कार्बन तंतूंच्या चाकाचा कागदावरचा आकडा शेकड्यांत जातो, पण वाहनांसाठी प्रत्यक्ष बनलेले संच सगळे वजन धरून दहा-वीसच्या आतबाहेरच राहिले आहेत. याच्यासमोर आज आपल्या बस आणि गाड्यांमध्ये वापरला जाणारा लिथियम-लोह-फॉस्फेटचा सेल किलोमागे दीडशेच्या पुढे जातो. मध्यम आकाराच्या गाडीला 30 युनिट ऊर्जा लागते असे धरले (एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास), तर फ्लायव्हीलचा संच दीड ते तीन टनांचा होईल. म्हणजे गाडीपेक्षा तिचे चाकच जड.

तरीही फ्लायव्हीलवर पूर्णपणे चालणारे वाहन झालेच नाही असे नाही. स्वित्झर्लंडमधील ओर्लिकोन कंपनीने तयार केलेली जायरोबस 1953 साली ईव्हर्दों या गावात नियमित सेवेत आली आणि 1960 पर्यंत चालली. तशाच बस बेल्जियन काँगोतील लिओपोल्डव्हिल म्हणजे आजचे किन्शासा येथे आणि बेल्जियममधील घेंट येथेही धावल्या. बसच्या मध्यभागी तळाशी 1.6 मीटर व्यासाचे, दीड टन वजनाचे पोलादी चाक मिनिटाला 3,000 फेरे घेत असे. हवेचे घर्षण कमी व्हावे म्हणून ते हायड्रोजन भरलेल्या बंद कोठीत ठेवलेले होते. ठरावीक थांब्यांवर छतावरचे तीन दांडे वर उचलून खांबावरच्या विजेला टेकवायचे, अर्ध्या मिनिटापासून तीन मिनिटांपर्यंत चाकाला वेग द्यायचा आणि पुढे निघायचे. एका भरणीत बस साधारण सहा किलोमीटर जाई. वरच्या तारांचे जाळे नाही, धूर नाही, बॅटरी नाही; त्या काळाच्या मानाने ही कल्पना विलक्षणच होती, आणि ती ज्यांनी रस्त्यावर आणली त्यांच्याविषयी मला आदर आहे.

पण तिचे पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे. दीड टनांच्या त्या चाकात पूर्ण वेगाला सुमारे नऊ युनिट ऊर्जा साठत होती, म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये असते तेवढी. घेंटमध्ये विजेचा खप किलोमीटरला सुमारे 2.9 युनिट होता; आजची 12 मीटर लांबीची विजेची बस एक ते दीड युनिटात तेवढे अंतर जाते. फरकाचे एक मोठे कारण सोपे आहे: चाक फिरत ठेवण्यातच ऊर्जा जाते आणि बस सिग्नलला उभी असली तरी ती जातच राहते. ठाणे स्टेशनहून निघालेली अशी बस सहा किलोमीटरांत कासारवडवलीच्या बरीच अलीकडे थांबेल, आणि माजिवडा ते कापूरबावडी या टप्प्यात संध्याकाळी जी कोंडी होते तीत तर ती एक इंचही न हलता रिकामी होईल. लिओपोल्डव्हिलमधला अनुभव आपल्याला आणखी जवळचा वाटावा. तेथे चालक कच्च्या रस्त्याने जवळची वाट धरत, पावसात त्या रस्त्यांचा चिखल होई आणि चाकाची बेअरिंगे मोडत.

रस्त्याचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण फ्लायव्हीलची स्तुती करणाऱ्या लिखाणात तो बहुधा शेवटी एका ओळीत उरकलेला असतो. वेगाने फिरणारे चाक आपल्या अक्षाची दिशा बदलू देत नाही. भोवरा पडत नाही तो याच गुणामुळे. जायरोबसच्या चाकाचा अक्ष उभा ठेवला होता, त्यामुळे बस डावी-उजवीकडे वळताना अडचण येत नसे. पण बसचे पुढचे चाक गतिरोधकावर चढते तेव्हा बस पुढून वर उचलली जाते, अक्ष कलतो, आणि फिरते चाक त्या कलण्याला नव्वद अंशांच्या कोनात उत्तर देते, म्हणजे बस बाजूला झुकवू पाहते. वरचे आकडे घेऊन हिशेब केला तर सेकंदाला केवळ सहा अंशांच्या कलण्याला निर्माण होणारे बल एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दोन टन वजन टांगल्यासारखे असते. रबरी आधारांनी आणि मोकळ्या जोडणीने ते सौम्य करता येते, किंवा उलट दिशांनी फिरणारी दोन चाके जोडून एकमेकांचे बल छाटता येते. पण तेव्हाही ते बल नाहीसे होत नाही. गाडीच्या सांगाड्याऐवजी ते बेअरिंगांना सोसावे लागते. लहान चाकात हा प्रश्न लहान असतो हे मान्य. मात्र पहिल्या दोन पावसांनंतर घोडबंदर रस्त्याच्या सेवारस्त्यांची जी अवस्था होते ती ज्याने पाहिली आहे त्याने मोठे चाक तेथून रोज अठरा तास नेण्याचा विचार करण्यापूर्वी बेअरिंगांचा खर्च मांडावा.

सुरक्षिततेचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी चुकीची मांडणी होते. 30 युनिट ऊर्जा म्हणजे 108 मेगाज्यूल. ताशी 60 किलोमीटरने धावणाऱ्या 16 टनी बसमध्ये जेवढी गतिज ऊर्जा असते तिच्या 48 पटींहून अधिक ऊर्जा एका डब्यात कोंडली, असा त्याचा अर्थ होतो. हे ऐकून छाती दडपते. पण तेवढीच ऊर्जा साडेतीन लिटरांहून कमी पेट्रोलमध्येही असते, आणि तेवढे पेट्रोल तर आपल्या स्कूटरच्या टाकीत घेऊन आपण रोज बिनदिक्कत फिरतो. तेव्हा धोका ऊर्जा किती आहे यावरून मोजता येत नाही. ती किती वेळात बाहेर पडते, कोणत्या दिशेने पडते आणि बाहेर पडण्यापूर्वी काही इशारा देते का, यावरून तो मोजावा लागतो.

या तीन कसोट्यांवर बॅटरी आणि चाक फार वेगळे वागतात. बॅटरीचा एखादा सेल बिघडून तापू लागला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि साखळी सुरू होते. तिला काही सेकंदांपासून काही मिनिटे लागतात, आधी धूर व वायू निघतात, वास येतो, आणि चांगल्या संचात नियंत्रक आधीच तापमान ओळखून इशारा देतो. ज्वाला विझवायला पाणी पुष्कळ लागते, निघणारे वायू विषारी असतात आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. म्हणजे बॅटरी दीर्घकाळ छळते, पण माणसाला पळायला बहुधा वेळ देते. ज्या अपघातांत तो मिळाला नाही ते बव्हंशी बंद खोलीत, झोपेत किंवा निकृष्ट संचामुळे घडले आहेत. या अपघातांनंतरच आपल्याकडे विजेच्या वाहनांच्या बॅटरीसुरक्षेची एआयएस-156 आणि एआयएस-038 ही मानके कडक झाली आणि एका सेलची आग संपूर्ण संचात पसरू नये याची चाचणी सक्तीची झाली.

चाकाच्या बाबतीत वेळ नावाची गोष्टच नसते. जायरोबसच्या चाकाची कडा सेकंदाला अडीचशे मीटर वेगाने फिरत होती. कडेवरच्या एक ग्रॅम पोलादावर आठ किलो वजनाइतकी ओढ पडत होती. अशा पोलादी चाकाला तडा गेला तर ते बहुधा दोन-तीन मोठ्या तुकड्यांत सुटते, आणि अर्ध्या टनाचा तो तुकडा विमानाच्या वेगाने निघालेला असतो. कार्बन तंतूंचे चाक यापेक्षा सभ्यपणे फुटते. त्याचे थर सुटतात, चुरा होतो आणि तो कवचाच्या आत घासत राहतो. पण तेथेही चाकाचा सगळा फिरता जोर एका झटक्यात कवचावर येतो, त्यामुळे कवच नुसते जाड असून भागत नाही, ते गाडीच्या सांगाड्याला बांधणारे बोल्टही तो पीळ सहन करण्याइतके दणकट लागतात. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या अंशात आटोपतो. 2015 साली कॅलिफोर्नियातील पोवे येथे जमिनीवर बसवलेल्या फ्लायव्हीलच्या चाचणीच्या वेळी अपघात होऊन कामगार जखमी झाले होते, आणि ते तर या विषयातले जाणकार होते. भर रस्त्यात दुसऱ्या गाडीची धडक बसून कोठीचे निर्वात वातावरण बिघडले, तर काय होईल याची कल्पना यावरून करता येते.

आता चाकाच्या बाजूचे जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे, आणि सभेत त्या तरुणाने ज्याला हात घातला होता तो मुद्दा हाच होता. थांबलेल्या चाकात कसलाही धोका नसतो. ते लोखंडाचे किंवा कार्बनचे निर्जीव वजन असते. मेकॅनिक त्यावर निर्धास्त काम करू शकतो, अग्निशमन दलाच्या जवानाला विजेचा धक्का बसण्याची भीती नसते. बॅटरी मात्र गाडी उभी असतानाही भरलेलीच असते, आणि आमच्या इमारतीच्या खांबांवरच्या पार्किंगमध्ये रात्री दोन वाजता नेमकी हीच भीती असते. चाकाची गाडी त्या वेळी खरोखरच सुरक्षित असेल, कारण तोवर ती रिकामी झालेली असेल. साध्या बेअरिंगांवरचे चाक काही मिनिटांत ते तासांत, आणि चुंबकीय बेअरिंगांवर निर्वातात तरंगणारे उत्तम चाकही फार तर एक-दोन दिवसांत आपली बहुतेक ऊर्जा गमावून बसते. खासगी गाडी दिवसाचे बावीस तास उभी असते. पार्किंगमध्ये जो गुण तिला निर्धोक करतो तोच सकाळी आठ वाजता तिला निरुपयोगी करतो, आणि रात्रभर चाक फिरते ठेवायचे म्हटले तर शंभर कुटुंबांच्या पायाखाली शंभर फिरती चाके ठेवण्याची पाळी येते. त्यापेक्षा बॅटरी परवडली.

शर्यतींच्या गाड्यांचे उदाहरण अशा चर्चेत हमखास दिले जाते, म्हणून त्याची दखल घेतो. 2010 साली पोर्शेने 911 जीटी3 आर हायब्रिड या शर्यतीच्या गाडीत चालकाच्या शेजारच्या जागी मिनिटाला 40,000 फेरे घेणारे फ्लायव्हील बसवले होते, आणि ऑडीच्या ज्या गाडीने 2012 ते 2014 अशी सलग तीन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तिच्यातही ब्रेकची ऊर्जा चाकातच साठत होती. हे यश खरे आहे. मात्र तेथे चाकाचे काम काही सेकंदांचे होते: वळणाआधी ब्रेक लावला की ऊर्जा घ्यायची आणि वळण संपताच परत द्यायची. त्याच ऑडीने 2016 च्या गाडीत फ्लायव्हील काढून लिथियम बॅटरी बसवली, कारण मधल्या काळात बॅटरी तेवढ्या वेगाने ऊर्जा घेऊ-देऊ शकेल इतकी सुधारली होती. व्होल्वोने 2013 च्या सुमारास सहा किलो वजनाच्या, मिनिटाला 60,000 फेरे घेणाऱ्या कार्बनच्या चाकाची साध्या गाडीत चाचणी घेतली आणि इंधनात पाव हिस्सा बचतीची शक्यता जाहीर केली. ती गाडी बाजारात काही आली नाही.

आपल्या परिवहन सेवेच्या दृष्टीने खरा प्रश्न या टप्प्यावर उभा राहतो. ठाणे परिवहन आणि नवी मुंबई परिवहन या दोन्ही सेवांच्या ताफ्यात आता विजेच्या बस आहेत. शहरातली बस दर चार-पाचशे मीटरांवर थांबते, म्हणजे ब्रेकमध्ये ऊर्जा घालवण्याचा तिचा धंदाच आहे. भरलेली 16 टनी बस ताशी 40 किलोमीटरवरून थांबते तेव्हा 0.27 युनिट ऊर्जा मोकळी होते. डिझेल बसमध्ये ती ब्रेक तापवण्यात जाते. लहान बॅटरीच्या हायब्रिड बसला एवढी ऊर्जा दहा सेकंदांत गिळता येत नसे, म्हणून 2014 साली गो-अहेड या ब्रिटिश बस कंपनीने आपल्या बससाठी फ्लायव्हीलचे पाचशे संच मागवले, आणि त्या वेळी तो निर्णय योग्यच होता. शांघायमध्ये 2006 पासून सुपरकपॅसिटरवर, म्हणजे वीज रसायनाऐवजी विद्युतभाराच्या रूपात साठवणाऱ्या साधनावर, चालणाऱ्या बस वापरून पाहिल्या गेल्या; तो थांब्यांवर झटपट भरला जाई आणि ब्रेकची ऊर्जाही परत घेई. परंतु दोनशे युनिटांची बॅटरी असलेल्या बसला दहा सेकंदांत 0.27 युनिट घ्यायचे म्हणजे शंभर किलोवॉटच्या आसपास शक्ती पेलायची आहे, आणि तेवढ्या मोठ्या बॅटरीला ती सहज पेलते. जे काम बॅटरी स्वतःच फुकटात करते त्यासाठी शेजारी आणखी एक फिरते यंत्र, त्याचे कवच आणि त्याची देखभाल बसवण्याला तांत्रिक कारण उरत नाही. बॅटरीवरचा ताण थोडा कमी होईल हा युक्तिवाद मी ऐकला आहे, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत बॅटरीच्या वाढलेल्या आयुष्यातून वसूल होते असे दाखवणारा हिशेब माझ्यापुढे कोणी ठेवलेला नाही.

चाकाचा खरा संसार जमिनीवर आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या अगदी जवळच्या गरजांमध्ये सापडतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जी डेटा सेंटर उभी राहत आहेत तशा ठिकाणी वीज गेल्यापासून डिझेल जनित्र सुरू होईपर्यंतची दहा-वीस सेकंदे भरून काढण्यासाठी फ्लायव्हीलवर चालणारा यूपीएस हा जगभर प्रस्थापित पर्याय आहे. न्यूयॉर्क राज्यातील स्टीफनटाउन येथे 2011 साली दोनशे फ्लायव्हीलांचे 20 मेगावॉटचे केंद्र सुरू झाले; ते चालवणाऱ्या कंपनीने त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली, तरी केंद्र नव्या मालकांकडे जाऊन चालू राहिले. तेथली चाके जमिनीत गाडलेल्या काँक्रीटच्या विहिरींत आहेत. लॉस एंजेलिसच्या भुयारी मेट्रोने 2014 साली गाडी थांबताना परत येणारी ऊर्जा साठवण्यासाठी उपकेंद्रात फ्लायव्हीलचा 2 मेगावॉटचा संच बसवला. जमिनीवर वजनाला किंमत नसते, कवच हवे तेवढे जाड करता येते, खड्डे नसतात आणि अपघात झालाच तर भोवती माती असते.

परंतु जमिनीवर आणले म्हणून चाकाकडून काहीही मागता येत नाही. परिवहन डेपोचे वीजबिल वाढते ते कमाल मागणीवर होणाऱ्या आकारणीमुळे. रात्री सगळ्या बस एकदम चार्जिंगला लागल्या की ती मागणी चढते, म्हणून तेथे फ्लायव्हील बसवावे अशी सूचना मी वाचली आहे. ती चुकीची आहे. महावितरण जी कमाल मागणी मोजते ती एका क्षणाची नसून ठरलेल्या काही मिनिटांच्या सरासरीची असते, आणि चाकाची ऊर्जा तेवढा वेळ पुरत नाही. त्या कामाला बसमधून निवृत्त झालेल्या बॅटऱ्या उघड्या जागेत ओळीने मांडणे अधिक शहाणपणाचे.

ज्या एका ठिकाणी चाकाचा विचार मी गंभीरपणे करीन ते म्हणजे थांब्यावरचे झटपट चार्जिंग. जिनेव्हामध्ये 23 क्रमांकाच्या मार्गावर धावणाऱ्या बस थांब्यावर प्रवासी चढेपर्यंतच्या पंधरा-वीस सेकंदांत 600 किलोवॉट शक्तीने ऊर्जा घेतात. जायरोबसची मूळ कल्पनाच तेथे चाक वगळून परत आली आहे. वीस सेकंदांत 3.3 युनिट लागतात. हा झटका थेट वीजजाळ्यावर पडू द्यायचा नसेल आणि दर पाच मिनिटांनी एक बस येत असेल, तर थांब्याजवळच्या चाकाला मधल्या वेळात सरासरी 40 किलोवॉट आणि वर थोडी गळती एवढीच वीज पुरते. प्रेस शॉपमधली लहान मोटर आणि मोठा घाव, तेच हे गणित. दिवसातून दोनशे-अडीचशे वेळा पूर्ण भरणे आणि पूर्ण रिकामे होणे हे बॅटरीला काही वर्षांत थकवणारे काम चाक वर्षानुवर्षे करू शकते. एवढी गर्दीची आणि वारंवारतेची जागा ठाण्यात एकच आहे, ती म्हणजे स्टेशन. मात्र तेथे बस स्टेशनसमोरच्या सॅटिस नावाच्या पुलावर वर थांबतात आणि खाली रिक्षांची व माणसांची दिवसभर रीघ असते, त्यामुळे पुलाखाली असे यंत्र ठेवणे मला कदापि मान्य होणार नाही. केबलने थोडे दूर नेऊन, भोवती रहदारी नसलेल्या भूखंडात विहीर खणावी लागेल. तो भूखंड निवडताना पावसाळ्यात वंदना टॉकीजच्या परिसरात कमरेएवढे पाणी कसे साचते हे ज्याने पाहिले आहे असा माणूस समितीत असावा, कारण निर्वात कोठीभोवतीच्या विहिरीत खाडीच्या भरतीचे पाणी शिरले तर चाक फुटण्याची वाटही पाहावी लागणार नाही.

निविदा निघालीच, तर बस असो वा थांब्यावरचा संच, विक्रेत्याकडे पहिली मागणी कार्यक्षमतेच्या आकड्यांची करू नये. पूर्ण वेगात असलेले चाक मुद्दाम फोडून कवचाने ते आत ठेवल्याचा चाचणी अहवाल मागावा, आणि ती चाचणी पाहायला परिवहनचा अभियंता स्वतः गेला पाहिजे अशी अट घालावी. आमच्या संस्थेपुरते सांगायचे तर सभेने इमारतीखालच्या पार्किंगऐवजी कुंपणालगतच्या उघड्या जागेत सहा चार्जिंग पॉइंट मंजूर केले, प्रत्येकाला स्वतंत्र मीटर आणि गळती ओळखून तुटणारा ब्रेकर बसवायचे ठरले, आणि स्कूटरची बॅटरी घरात नेऊन चार्ज करण्याला बंदी झाली. त्या तरुण सभासदाने शेवटच्या ठरावाला विरोध केला. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि पार्किंगची जागाच न मिळालेल्या माणसाने स्कूटर चार्ज करायची कुठे, असे तो विचारत होता. त्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो पहिल्या क्रमांकावर आहे.